शनवार तेली आणि डीएनए

कोकणातले बेने इस्राएली मराठी बोलणारे ज्यू. शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी फुटलं, ही त्यांची पिढीजात कथा. जुना लेखी पुरावा फारसा नाही. मग डीएनए काय सांगतो?

2016 सालच्या एका अभ्यासात त्यांच्यात ज्यू आणि भारतीय दोन्ही वारसा सापडला. ज्यू वारसा पुरुषांकडून जास्त, भारतीय स्त्रियांकडून. सरमिसळ सुमारे 19 ते 33 पिढ्यांपूर्वीची. हे कसं मोजतात? पूर्वजांकडून आलेले डीएनएचे सलग तुकडे दर पिढीत तुटत जातात. तुकडे जितके लहान, तितकी सरमिसळ जुनी.

वर्गात दोन रंगांच्या कागदी पट्ट्या घेऊन दर ‘पिढी’ला कापा, अदलाबदल करून चिकटवा. मुलांना लगेच कळतं.

“म्हणजे जहाजाची कथा खोटी?” हा प्रश्न हमखास येणार. घाई करू नका. सरमिसळीची वेळ ही येण्याची वेळ नव्हे. माणसं आधी येऊन कित्येक पिढ्या आपापसातच लग्नं करत राहिली असतील. आणि कोणी “मग ते खरे ज्यू की खरे मराठी?” असं विचारलं, तर स्पष्ट सांगा, ते या चाचणीचं कामच नाही.