गच्चीला चुना लावावा का?

प्रश्न : अकोल्यात आमचं १९९४ साली बांधलेलं दोन खोल्यांचं एकमजली घर आहे, वर स्लॅब. उन्हाळ्यात रात्री अकरा वाजले तरी पंखा गरम वाराच फेकतो. पावसाळ्यात स्वयंपाकघराच्या एका कोपऱ्यात ओल येते. मुलगा म्हणतो, गच्चीला वॉटरप्रूफ रंग मारून घेऊ; पण त्याचा आकडा ऐकून मी गप्प बसले. शेजारचे काका म्हणतात, चुना लावा, दोन्ही दुखणी जातील. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, तरी चुन्याने घर गार कसं होतं हे मला कोणी सांगितलेलं नाही. पेन्शनीत बसेल असं काही सांगाल का?
– एक निवृत्त शिक्षिका, अकोला

उत्तर : बाई, शेजारच्या काकांचं निम्मं खरं आहे. चुन्याने घर गार होतं. गळती मात्र थांबत नाही. ही दोन कामं वेगवेगळी धरलीत तर दोन्ही थोडक्यात होतील. एकाच डब्यातून दोन्ही करायला गेलात तर मुलाने सांगितलेला आकडा मोजावा लागेल.

तुम्ही विज्ञान शिकवलंय, तेव्हा सुरुवात वर्गातूनच करू. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारली की ती दुधाळ होते, हा प्रयोग तुम्ही कितीदा तरी दाखवला असेल. भिंतीला चुना लावला की भिंत तेच करते, फक्त फुंकर मारायला कोणी लागत नाही. भट्टीत चुनखडी सुमारे ९०० अंशांपर्यंत तापवली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. शंभर किलो शुद्ध चुनखडीतून कळीचा चुना निघतो छप्पन्न किलो; बाकीचे चव्वेचाळीस किलो हवेत. कळी पाण्यात टाकली की ती फसफसते, तापते, फुटते. तो विझवलेला चुना पातळ करून भिंतीला फासला की तो हवेतून कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. म्हणजे कुंच्याने आपण रंग देत नाही, दगडाचा पापुद्रा चढवतो. म्हणून तर चांगला बसलेला चुना हाताला लागत नाही, आणि घाईघाईने मारलेला चुना पाठ टेकताच सदऱ्यावर येतो.

आता गारव्याचं. तुमच्या गच्चीचा कोबा तीस वर्षांत काळवंडला असणार. असा कोबा उन्हातली जेमतेम पाव हिस्सा उष्णता परतवतो, बाकीची पिऊन टाकतो. स्लॅब जाड, तो दिवसभर तापत राहतो आणि सूर्य मावळला की ती उष्णता खाली, तुमच्या खोलीत सोडायला लागतो. रात्री अकराचा तो गरम वारा पंख्याचा नव्हे, दुपारी दोनच्या उन्हाचा आहे. पंखा बिचारा छताजवळची हवा खाली ढकलतो, एवढंच. ताजा पांढरा चुना याच्या उलट करतो : साधारण पाऊण हिस्सा ऊन आल्या वाटेने परत पाठवतो. मुळात स्लॅब तापलाच नाही तर रात्री सोडणार काय?

हा काही आजीबाईचा बटवा नाही. अहमदाबादेत २०१० च्या मे महिन्यात उष्णतेच्या लाटेने फार माणसं दगावली. त्यानंतर २०१३ साली तिथल्या महापालिकेने उष्णतेसाठी कृती आराखडा केला आणि २०१७ पासून गरीब वस्त्यांमधली छपरं चुन्याने पांढरी करायला घेतली. तेलंगणाने तर २०२३ साली थंड छपरांचं धोरणच जाहीर केलं. खोलीत फरक किती पडतो? छप्पर कसं आहे, खिडक्या किती आहेत यावर ते ठरतं, पण दोन ते पाच अंश हा सर्वसाधारण अंदाज आहे. अकोल्यात पारा पंचेचाळिसाकडे सरकतो तेव्हा तीन अंश काय असतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

कृती सोपी आहे, पण तिच्यात चार ठिकाणी माणसं चुकतात. मीही चुकलो आहे. पहिल्यांदा चुना विझवला तेव्हा कळी प्लॅस्टिकच्या बादलीत ओतली आणि वर तांब्याभर पाणी टाकलं. बादलीचं बूड वाकलं, चुना अंगणभर झाला, आणि घरात आठवडाभर मला ‘इंजिनियरसाहेब’ म्हणून हाक मारली जात होती. तेव्हा : लोखंडी पिंप किंवा घमेलं घ्या. ॲल्युमिनियमचं भांडं नको, चुना ते खातो. आधी पाणी, मग त्यात थोडी थोडी कळी. एक किलो कळीला साधारण पाच लिटर पाणी. ढवळून चोवीस तास तसंच राहू द्या, मग जाडसर फडक्याने गाळा. कळी ताजी हवी. दुकानात पडून पडून जिची भुकटी झाली आहे ती हवेतच विझलेली असते, तिच्यात फार दम राहत नाही.

धरून राहण्यासाठी डिंक लागतो. गाळलेल्या दहा लिटर चुन्याला चाळीस ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून घाला. रंगाच्या दुकानात चुन्यात मिसळायचा पांढरा गोंद मिळतो, तोही चालतो आणि गच्चीसाठी जरा जास्त टिकतो. नीळ घालायची असेल तर चिमूटभरच. निळीने चुना जास्त पांढरा होत नाही, पिवळसरपणा मारला जाऊन तसा दिसतो. गच्चीवर ते बघायला फक्त कावळे येणार आहेत, तेव्हा निळीचे पैसे वाचवा.

लावण्याआधी गच्ची तारेच्या ब्रशने घासून धुवा. शेवाळावर मारलेला चुना शेवाळाबरोबरच निघतो. मग – आणि हे बहुतेक जण करत नाहीत – गच्ची ओली करा, पाणी साचू न देता. कोरडा तापलेला कोबा चुन्यातलं पाणी क्षणात ओढून घेतो. पाणी गेलं की चुन्याचा दगड व्हायचं थांबतं आणि नुसती पूड उरते. म्हणून काम संध्याकाळी उन्हं उतरल्यावर. पहिला हात उभा, तो वाळला की दुसरा आडवा, जमल्यास तिसरा. दुसऱ्या दिवशी सकाळी हलकं पाणी शिंपडा. चुना पातळ हवा, ताकासारखा. दाट मारला की लवकर होईल असं वाटतं, प्रत्यक्षात पोपडे धरतात.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगतो. ओला चुना डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. चष्मा किंवा गॉगल लावल्याशिवाय पिंपापाशी जाऊ नका, नातवंडांना तर त्या दिवशी गच्चीवर येऊच देऊ नका. उडालाच तर चोळायचं नाही. साध्या पाण्याच्या धारेखाली पंधरा-वीस मिनिटं डोळा धरायचा आणि तडक दवाखाना गाठायचा. हाताला रबरी मोजे आणि तोंडाला फडकं बांधाच.

मुहूर्त फेब्रुवारी-मार्चचा. आपल्याकडे चुना दिवाळीआधी लावायची पद्धत, कारण पावसाळ्याची बुरशी मारायला त्याच्यासारखं स्वस्त औषध नव्हतं. पण ती भिंतींसाठी. गच्चीला उन्हाळ्याच्या तोंडावर लावलेला चुना चार महिने पुरतो, पावसाळ्यात बराच धुऊन जातो. दरवर्षी लावावा लागतो, हाच याचा खरा खर्च : दोन संध्याकाळी आणि दुखरी कंबर. गच्चीचं पाणी टाकीत साठवत असाल तर पहिले दोन-तीन पाऊस वाहून जाऊ द्या. आणि एप्रिलमध्ये अधूनमधून झाडू फिरवा. धुळीने मळलेला चुना निम्मंच काम करतो.

आता ओल. चुना तडा सांधत नाही. एकाच कोपऱ्यात ओल येते म्हणजे सबंध गच्ची गळत नाहीये, एखादी जागा गळतेय. मग सगळ्या गच्चीला रंग कशासाठी? पावसाळ्याआधी एकदा वर जाऊन त्या कोपऱ्यावर नेमकं काय आहे ते बघा. बहुतेक वेळा तीनपैकी एक सापडतं : पाणी जायचं भोक पाल्याने तुंबलेलं, कठडा आणि गच्ची मिळतात तिथला सांधा उकललेला, नाहीतर कठड्यात रुजलेलं पिंपळाचं रोप. पटकन दिसलं नाही, तर त्या भागाभोवती सिमेंटचा छोटा बांध घाला, आत दोन इंच पाणी एक दिवस ठेवा आणि खाली छत बघत बसा. जागा कळली की गवंड्याकडून तडा खाचा पाडून रुंद करून घ्या आणि तेवढाच भरा; सांध्यावर सिमेंटचा गोलसर उतार घालून घ्या. भरलेलं काम आठवडाभर ओलं ठेवा. हे एका दिवसाच्या मजुरीचं काम आहे. पिंपळ असेल तर नुसता उपटू नका, मुळं आत राहतात. दगड-विटा सैल करून मुळासकट काढावा लागतो.

एवढं करूनही दोन-तीन ठिकाणी स्लॅबचं प्लॅस्टर सुटून गंजलेल्या सळया दिसत असतील, तर मात्र काटकसर बाजूला ठेवा आणि बांधकामातल्या जाणकाराला बोलवा. तिथे ना चुना उपयोगाचा, ना मुलाचा रंग.

प्रश्न : आमच्या आजीच्या वेळी चुन्यात गूळ, मीठ, ताक असं काय काय घालत. त्याला काही अर्थ होता की नुसती समजूत?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : अर्थ होता. साध्या पाण्यात चुना फारच थोडा विरघळतो. लिटरला दीड ग्रॅमच्या आसपास. गुळाच्या पाण्यात तो कितीतरी जास्त विरघळतो आणि भिंतीत खोलवर जातो. दूध-ताकातल्या प्रथिनाचा चुन्याशी संयोग होऊन चिवट गोंद बनतो. सुतारकामातही हा गोंद वापरला जाई. मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं, त्यामुळे चुना सावकाश वाळतो आणि नीट बसतो. वेरूळच्या लेण्यांतल्या गिलाव्यात तर भांगेच्या झाडाचे तुकडे सापडले आहेत, तेव्हा आजीचं गूळ-मीठ म्हणजे काहीच नाही.

पण आजीचं घर जांभ्याचं होतं, तुमचं सळयांच्या स्लॅबचं असेल. तिथे मीठ अजिबात घालू नका. मीठ स्लॅबमध्ये मुरलं की सळया गंजतात, आणि गंजलेली सळई फुगून काँक्रीट फोडते. कोकणात समुद्राची हवा ते काम आधीच करते आहे, आपण मदत कशाला करायची? गुळालाही मुंग्या लागतात. डिंकच बरा.

प्रश्न : पत्र्याला चुना चालेल?
– एक वाचक, जालना

उत्तर : नाही. पत्र्यावर जस्ताचा थर असतो, चुना त्याला खातो, आणि गुळगुळीत पत्र्यावर तो धरतही नाही. पत्र्यासाठी मिळणारा पांढरा रंग मारा, किंवा निदान वर वीतभर अंतर सोडून सावलीची जाळी बांधा. कौलं असतील तर काहीच करू नका, फुटलेली तेवढी बदला.

प्रश्न : पुण्यातल्या जुन्या वाड्यात आमची खोली आहे. भिंतीला चांगला महाग प्लॅस्टिक पेंट दिला, दोन वर्षांत पोपडे आले. पुन्हा तोच द्यावा का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : देऊ नका. तुमची भिंत दगड-माती-चुन्याची. ती जमिनीतून ओल वर ओढते आणि हवेत सोडते. शंभर वर्षं तिचं असंच चाललंय. प्लॅस्टिक पेंटने तुम्ही तिच्या अंगावर रेनकोट चढवला. ओल बाहेर यायचं थांबलं, तिच्याबरोबर आलेले क्षार रंगाच्या मागे साठले, आणि त्यांनीच रंग ढकलून काढला. हाच लोणा. सुटेल तेवढा रंग खरवडून काढा, लोणा कोरड्या ब्रशने झाडून उचला. ओल्या फडक्याने पुसलात तर क्षार पुन्हा भिंतीतच मुरतील. मग चुना द्या. लोणा पुन्हा येईल, पण झाडला की जाईल, पोपडे उडणार नाहीत. पंधरा-वीस वर्षांपूर्वी कोणी चुन्यावर लांबी भरलेली असेल तर ती आधी पूर्ण काढावी लागेल, आणि खरं सांगायचं तर वेळखाऊ काम तेच आहे.

प्रश्न : नळ ठिबकतो. प्लंबर म्हणतो, अख्खा नळ बदला.
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आधी वायसर बदलून बघा. पिळायचा जुना नळ असेल तर दहातले आठ नळ तेवढ्यानेच थांबतात. खालचा कॉक बंद करा, पान्याने वरचं डोकं उघडा, आतला झिजलेला वायसर घेऊन हार्डवेअरच्या दुकानात जा आणि त्याच मापाचा आणा. सेकंदाला एक थेंब गळत असेल तर दिवसाला चार लिटरच्या वर पाणी जातं. सोलापुरात आठवड्याला किती वेळा पाणी येतं ते तुम्हाला माहीत आहे, वायसर आजच आणा.