पिवळें पान: भुकेचें कीं पिकण्याचें?

रब्बी जोंधळ्याचें कणीस दाण्यांत आलें कीं बुडख्याकडील पानें पिवळीं पडूं लागतात. तें पाहून आमच्या पुष्कळ शेतकरी बंधूंस खताची आठवण होते. परंतु हें पिवळेपण भुकेचें कीं पिकण्याचें, हें ठरविल्यावांचून खतावर पैसा घालणें इष्ट नव्हे. आणि तें ठरविण्यास पानाच्या आंत काय चालतें हें ठाऊक असलें पाहिजे.

वनस्पतीचें शरीर सूक्ष्म पेशींचें बनलेलें आहे. पेशींतील कांहीं भाग झिजतात, पण पेशी ते वायां दवडीत नाहीं. त्यांच्याभोंवतीं दुहेरी पडद्याची एक पिशवी तयार होते. ती पेशींतील रसाच्या मोठ्या कोठारांत जाऊन रिती होते, आणि तेथील पाचक द्रव्यें त्या मालाचे बारीक घटक करून पुनः कामास लावतात. जुनें घर उतरवितांना धडकीं लांकडें निवडून गोठ्यास लावणाऱ्या घरधन्याची जी रीत, तीच ही. या क्रियेस स्वभक्षण म्हणतात. जपानचे योशिनोरी ओसुमी यांनीं यीस्टच्या उपाशी ठेवलेल्या पेशींत तिचा शोध घेतला, व त्याबद्दल त्यांस 2016 सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

पान म्हातारें झालें म्हणजे हेंच काम मोठ्या प्रमाणावर चालतें. पानांतील नत्राचा मोठा हिस्सा हरितकणांच्या प्रथिनांत असतो. तीं प्रथमच मोडलीं जातात व त्यांचें नत्र रसवाहिन्यांतून कणसाकडे जातें. हिरवा रंग नाहींसा होतो आणि मुळांतच असलेला पिवळा रंग दिसूं लागतो. पेशीचें केंद्र मात्र बहुधा अखेरपर्यंत शाबूत राहतें, कारण या आवराआवरीचीं सूत्रें तेथूनच हालतात. शेवटीं रसाच्या कोठाराचा पडदा फाटतो, पाचक द्रव्यें सर्वत्र पसरतात आणि पेशी मरते. हें मरण ठरलेलें असतें. करप्यानें एकाएकीं वाळलेल्या पानास ही सवड मिळत नाहीं. त्यांतील पुष्कळसा ठेवा त्यांतच अडकून राहतो.

आतां खताचा प्रश्न. कणीस निघण्यापूर्वींच खालचीं पानें शेंड्यापासून मधल्या शिरेच्या बाजूनें पिवळीं होत असतील, तर बहुधा जमिनींत नत्र कमी आहे व पीक जुन्या पानांतून तें काढून नव्यांस देत आहे. (पाणी सांचलेल्या वावरांतही असें होतें, तें आधीं पाहावें.) दाणा भरतांना तेंच दिसल्यास तें पिकणें होय; त्या वेळीं कोरड्या जमिनीवर युरिया टाकून हातीं फारसें कांहीं लागत नाहीं. चुनखडीच्या रानांतील उसावर केवडा पडतो तो याच्या उलट, नव्या पानांवर. लोह जुन्या पानांतून सहजीं हालत नाहीं, म्हणून जुनें पान हिरवें आणि नवें उपाशी! तेथें युरियाचा उपयोग नाहीं. हिराकशीचें पातळ द्रावण पानांवर फवारावें.

जोंधळ्यांत आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. दाणा भरण्याच्या वेळीं ओल आटली तर पीक ताटांतलाही सांठा काढून कणसास देतें. ताट दुबळें होतें, खडखड्याची बुरशी त्यांत माजते आणि पीक लोळतें. दाण्याबरोबर कडबाही जातो. ज्या जातींचीं पानें कोरड्यांतही उशिरांपर्यंत हिरवीं राहतात, त्या अशा सालीं अधिक तग धरतात. पुढील सालचें बीं निवडावयाचें असल्यास दाणा पक्व होतांना एकदां वावरांत फिरून, कोणत्या ताटांचीं पानें अजून हिरवीं आहेत व कणीसही भरलेलें आहे, तीं खुणेची दोरी बांधून ठेवावीं.