कॉलेजात गेलेले स्वमग्न मूल : वर्गातल्या अडचणी आणि पुढारीपणाची वाट



२ एप्रिल हा जागतिक स्वमग्नता जागरूकता दिन. २००८ पासून तो जगभर पाळला जातो. स्वमग्नतेला इंग्रजीतून आलेल्या शब्दात ऑटिझम म्हणतात. या विषयावर बहुतेक माहिती दोन-तीन वर्षांच्या बाळांबद्दल असते. आजच्या पाठात आपण मोठ्या मुलामुलींबद्दल शिकणार आहोत, म्हणजे दहावी-बारावी होऊन कॉलेजात पाय ठेवलेल्यांबद्दल.

याला कारण आहे. वर्धा, पुलगाव, हिंगणघाट, आर्वी इथल्या कॉलेजांत आपल्या वस्तीतली मुले जातात, तेव्हा अनेक घरांत तीच पहिली पिढी असते. त्यातले एखादे मूल पहिल्याच वर्षी घरी बसते. विचारले तर एवढेच म्हणते, "मला नाही जायचं." घरचे समजतात मन लागत नाही, संगत बिघडली, आळस आहे. नातेवाईक म्हणतात पोरगा घुमा आहे, पोरगी शिष्ट आहे. काही मुलांच्या बाबतीत यामागे स्वमग्नता असू शकते, आणि ती कोणी ओळखलेलीच नसते. ते न ओळखल्यामुळे शिकू शकणारे मूल शिक्षणाबाहेर पडते. आपल्या समाजाला हे परवडणारे नाही.

स्वमग्नता म्हणजे काय?

मेंदूची वाढ वेगळ्या पद्धतीने होते, त्यातून स्वमग्नता येते. ती जन्मापासून असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे १२७ माणसांमागे एक स्वमग्न होता. ती गरीब-श्रीमंत, गाव-शहर असा भेद करत नाही. आईने लक्ष दिले नाही म्हणून ती होत नाही आणि लसीमुळेही होत नाही. लसीचा संबंध जोडणारा १९९८ चा लेख ज्या नियतकालिकात आला होता, त्यानेच तो २०१० मध्ये मागे घेतला.

प्रत्येक स्वमग्न व्यक्ती वेगळी असते. काही बोलत नाहीत, काही भरपूर बोलतात. काहींना बौद्धिक अक्षमताही असते, तर काही अभ्यासात हुशार असतात. सर्वांमध्ये कमी-अधिक प्रमाणात दोन गोष्टी दिसतात. एक, लोकांशी बोलणे-वागणे आणि न बोललेले समजून घेणे अवघड जाते. दोन, ठरलेल्या क्रमाची, एखाद्या विषयाची किंवा हालचालीची ओढ असते. आवाज, उजेड, वास, स्पर्श हेही त्यांना इतरांपेक्षा फार जास्त किंवा फार कमी जाणवतात. मुलींमध्ये ही लक्षणे बरेचदा झाकली जातात, कारण त्या इतरांचे पाहून वागायला शिकतात. "मुलगी लाजाळू आहे" एवढ्यावर विषय संपतो.

वर्गात नेमके काय होते?

समजा आपल्या वस्तीतला एक मुलगा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. शाळेत एकच वर्ग, एकच बाक, ओळखीचे शिक्षक होते. कॉलेजात दर तासाला खोली बदलते. सर आले नाहीत तर तास रद्द होतो, आणि ते आधी कोणी सांगत नाही. पंख्याची घरघर, ट्यूबलाईटची फडफड, मागच्या बाकावरची कुजबुज हे सगळे त्याच्या कानात एकाच जोराने शिरते. त्यातून सरांचा आवाज वेगळा काढताना तो दमून जातो.

सर रागाने म्हणतात, "बाहेर जायचं असेल तर जा!" आणि तो खरोखर उठून जातो. वर्ग हसतो. त्याने उद्धटपणा केलेला नसतो, त्याने शब्दाचा सरळ अर्थ घेतलेला असतो. तोंडी परीक्षेत तो सरांच्या डोळ्यांत पाहत नाही, उत्तर द्यायला वेळ घेतो, म्हणून अभ्यास केला नाही असे ठरते. गटात काम करायचे असेल तर कोण काय करणार हे कोणी स्पष्ट सांगत नाही, आणि तो एकटा उरतो. दिवसभर "सगळ्यांसारखे" वागण्याची धडपड करून तो घरी येतो आणि छोट्याशा कारणावरून भडकतो. घरच्यांना फक्त तो भडकलेला दिसतो.

यातल्या बऱ्याच अडचणी पैसे न खर्चता कमी होतात. वेळापत्रक लिहून द्यावे. बदल असेल तर आदल्या दिवशी सांगावा. पुढच्या बाजूची, भिंतीकडची एक जागा कायम ठेवावी. सूचना लहान आणि सरळ असावी. "जरा नीट लिही" यापेक्षा "प्रत्येक उत्तर एक पान लिही" हे त्याला कळते. फार आवाज झाला तर दहा मिनिटे ग्रंथालयात बसण्याची मुभा असावी. गटात त्याचे काम नावानिशी ठरवावे.

टेंपल ग्रँडिन : आवडीतून अभ्यास

स्वमग्न विद्यार्थ्याला एक समजदार शिक्षक मिळाला तर काय होते, याचे गाजलेले उदाहरण अमेरिकेतल्या टेंपल ग्रँडिन यांचे आहे. त्यांचा जन्म १९४७ चा. साडेतीन वर्षांपर्यंत त्या बोलत नव्हत्या. पुढे शाळेत मुले चिडवत. एकदा चिडवणाऱ्या मुलीवर पुस्तक फेकले म्हणून त्यांना शाळेतून काढून टाकले.

किशोरवयात त्या नात्यातल्या एका बाईंच्या पशुपालनाच्या शेतावर गेल्या. तिथे लस टोचताना गुरांना दोन्ही बाजूंनी दाबून धरणारा सापळा होता. त्यात काही गुरे शांत होतात असे त्यांना दिसले. त्यांनी स्वतःसाठी तसेच लाकडी यंत्र बनवले. त्यात बसले की त्यांची घबराट कमी होई. लोकांना हे विचित्र वाटले आणि ते काढून टाकावे असा दबाव आला. कारलॉक नावाच्या विज्ञान शिक्षकांनी मात्र वेगळे सांगितले : दाबाने मन का शांत होते, हे विज्ञानाने शोधून काढ. त्यासाठी त्या पुस्तके वाचू लागल्या, अभ्यासाला लागल्या. पुढे कॉलेजात त्यांनी इतर विद्यार्थ्यांवरही तो प्रयोग करून पाहिला. १९७० मध्ये त्या पदवीधर झाल्या, १९८९ मध्ये डॉक्टरेट मिळाली आणि त्या पशुविज्ञानाच्या प्राध्यापक झाल्या.

त्यांचे संशोधन आपल्या शेतकरी-मजूर वाचकांना लगेच समजेल. चालता चालता गुरे अचानक का अडतात? ग्रँडिन यांनी गुरांच्या डोळ्याच्या उंचीवर वाकून पाहिले. जमिनीवरची सावली, लटकणारी साखळी, पाण्यावरची चमक अशा गोष्टींना ती बुजत होती. आर्वीकडच्या गवळाऊ बैलाला हाकणाऱ्याला हे ठाऊक असते. माणसांना न दिसणारे बारकावे त्यांना दिसले, कारण त्यांचे स्वतःचे मन तसेच चित्रांतून चालते, असे त्या सांगतात. मुलाला रेल्वे, नकाशे, किडे किंवा मोबाईल दुरुस्ती यातले काहीही आवडत असेल तर ते वेड म्हणून बंद करू नका. त्यातून अभ्यासाची वाट निघते का ते पाहा.

स्वमग्न विद्यार्थी पुढारी होऊ शकतो का?

आपल्याकडे पुढारी म्हटले की माईक, स्टेज आणि गर्दी डोळ्यांसमोर येते. पुढारीपणाचे आणखीही प्रकार आहेत.

एरी नेमन हा अमेरिकेतला स्वमग्न तरुण. २००६ मध्ये विद्यार्थी असतानाच त्याने सोबत्यांसह स्वमग्न लोकांची स्वतःची संघटना उभी केली. आमच्याबद्दलचे निर्णय आम्हाला वगळून घेऊ नका, ही त्यांची मागणी. २००७ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमधल्या एका विद्यापीठाच्या केंद्राने जाहिराती लावल्या. अपहरण करणारा खंडणीची चिठ्ठी पाठवतो तशा त्या होत्या, जणू स्वमग्नतेने मुलाला पळवून नेले आहे. नेमनने पत्रे लिहिली, इतर दिव्यांग संघटनांना जोडले, एकत्र निवेदन काढले. काही आठवड्यांतच जाहिराती मागे घ्याव्या लागल्या. पुढे त्याची देशाच्या दिव्यांगविषयक परिषदेवर नेमणूक झाली. संघटित होऊन काय साधते, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

स्वीडनची ग्रेटा थनबर्ग स्वमग्न आहे आणि गरज असेल तेव्हाच बोलते, असे तिने स्वतः सांगितले आहे. २० ऑगस्ट २०१८ रोजी, १५ व्या वर्षी, हवामान बदलाच्या प्रश्नावर ती संसदेबाहेर फलक घेऊन एकटी बसली. नंतर लाखो विद्यार्थी तिच्यामागे आले. आपल्या महाराष्ट्रात मुंबईची जिया राय स्वमग्न आहे आणि तिला बोलण्याची अडचण आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये ती वांद्रे-वरळी सागरी सेतूपासून गेटवे ऑफ इंडियापर्यंत ३६ किलोमीटर पोहली, आणि हे पोहणे तिने स्वमग्नतेविषयी जागृतीसाठी केले. २०२२ मध्ये तिला प्रधानमंत्री राष्ट्रीय बाल पुरस्कार मिळाला. भाषण न करताही तिने लोकांना विचार करायला लावले.

प्रत्येक स्वमग्न मूल असे नाव काढेलच असे नाही आणि तशी अपेक्षाही त्याच्यावर लादू नये. त्याला झेपेल अशी एक खरी जबाबदारी मात्र मिळायला हवी. कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात हजेरी, साहित्याची यादी, झाडांची नोंद अशी कामे असतात. वस्तीत विहाराचे ग्रंथालय असते, जयंती समितीचा हिशेब असतो. नियम पाळणे, बारकावे लक्षात ठेवणे, खोटा हिशेब न लिहिणे हे गुण अनेक स्वमग्न तरुणांत असतात. काम लिहून द्या, कधी संपवायचे ते सांगा, आणि झाले की सर्वांसमोर त्याचे श्रेय त्याला द्या. मिरवणुकीत डीजेजवळ उभे राहण्याची सक्ती करू नका. त्याला लांबून, कानात कापूस घालून चालू द्या.

हक्क आणि कागदपत्रे

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारचे दिव्यांगत्व मानले आहे. त्यात स्वमग्नता आहे. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असेल तर :

- सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव असतात आणि वयात ५ वर्षांची सूट मिळते.
- केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीन तासांच्या लेखी परीक्षेला किमान एक तास जादा वेळ मिळू शकतो. गरज असल्यास लेखनिकही मिळतो. यासाठी परीक्षेआधीच लेखी अर्ज करावा.
- सरकारी नोकरीतही दिव्यांगांच्या आरक्षणात स्वमग्न व्यक्तींचा समावेश आहे.

प्रमाणपत्रासाठी स्वावलंबन पोर्टलवर वैश्विक ओळखपत्राचा, म्हणजे यूडीआयडीचा अर्ज भरावा. आधार कार्ड व फोटो लागतात. तपासणीसाठी वर्ध्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात चौकशी करावी. सेवाग्राम आणि सावंगीच्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही बालरोग व मानसोपचार विभागात सल्ला मिळतो. डॉक्टर ४० मुद्द्यांच्या भारतीय मापनपट्टीवर गुण देतात. ७० किंवा अधिक गुण आले तर स्वमग्नता मानली जाते. मूल लहान असतानाचे वागणे डॉक्टर विचारतात, म्हणून सोबत आई किंवा आजी असावी.

जातीचा दाखला आणि दिव्यांग प्रमाणपत्र ही दोन वेगळी कागदपत्रे आहेत. दोन्ही काढून ठेवावीत. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना दिव्यांगत्वाची नोंद करावी. कॉलेजने सवलत नाकारली तर नकार लेखी मागावा. त्यानंतर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते.

तब्येतीकडे लक्ष

स्वमग्न तरुणांना झोप न लागणे, चिंता, उदासी आणि फिट येणे यांचा त्रास इतरांपेक्षा जास्त आढळतो. त्यावर उपचार आहेत, ते घ्यावेत. स्वमग्नता मात्र औषधाने जात नाही. मूलपेशी उपचारांच्या नावाखाली मोठी रक्कम मागणाऱ्यांपासून सावध राहावे, त्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही. मुलाला बाबा-भगताकडे नेऊन मारहाण करवणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

मूल भडकले असेल तर मारू नका, ओरडू नका, गर्दी करू नका. टीव्ही बंद करा, शांत खोलीत न्या, कमी शब्दांत बोला. त्या वेळी शिकवू नका, दुसऱ्या दिवशी विचारा. तो मरणाची भाषा बोलू लागला तर लगेच डॉक्टरांकडे न्या. टेली-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येते.

घरी बसून करायचा अभ्यास

हे प्रश्न घरातल्या सर्वांनी एकत्र वाचावेत आणि मुलालाही उत्तर द्यायला सांगावे. बोलणे अवघड वाटत असेल तर त्याने लिहून द्यावे.

१. कॉलेजातली कोणती जागा, कोणता तास सर्वांत त्रासाचा वाटतो?
२. कोणत्या शिक्षकाचे शिकवणे समजते? ते काय वेगळे करतात?
३. कोणत्या विषयावर तू तासभर सांगू शकतोस?
४. विहारात किंवा वस्तीत कोणते एक काम तुझ्याकडे द्यावे?
५. आम्ही घरचे काय बोलतो, ते तुला लागते?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर आले की वाद घालू नका. ते वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या महिन्यात पुन्हा विचारा. शंका वाटत असेल तर पुढची परीक्षा येईपर्यंत थांबू नका, या महिन्यातच तपासणी करून घ्या.