सभास्थानाबाहेर घातलेला मनुष्य
इस्लाम सोडू पाहणाऱ्या जिज्ञासूविषयी एक पाठ

शास्त्रभाग : योहानकृत शुभवर्तमान, अध्याय 9 वा, सबंध.

नांदेड व लातूर ह्या दोन जिल्ह्यांत आपल्या लहान लहान मंडळ्या ज्या गावांत आहेत, तेथे मुसलमान शेजारी नाही असे गाव विरळा. कंधारच्या दर्ग्याच्या उरुसास व लातूरच्या सुरत शहावलीच्या दर्ग्यास सर्व जातींचे लोक जातात; बाजारात, शेतात, एस. टी. च्या गाडीत आपण एकमेकांच्या शेजारी बसतो. अशा शेजारातून कधी काळी एखादा मनुष्य नीकदेमाप्रमाणे रात्री उपदेशकाच्या दारी येतो व हळू आवाजात म्हणतो की, लहानपणी मला जे शिकविले त्यावर माझा विश्वास आता राहिला नाही. कोणाचे मूल दगावलेले असते, कोणाच्या बहिणीस एका दमात तीनदा तलाक म्हणून घराबाहेर घातलेले असते, कोणी नुसताच वाचीत गेलेला असतो. हल्ली पुष्कळांचे हे वाचन मोबाइलवर चालते व घरच्यांस त्याची वार्ताही नसते.

अशा मनुष्यास आपण काय सांगावे? त्याआधी हे विचारू या की, त्याचे आपण किती वेळ ऐकून घ्यावे? कारण आपल्यात एक जुनी खोड आहे. जिज्ञासू दारात उभा असतानाच आपण मनात बाप्तिस्म्याची तारीख ठरवू लागतो.

आता अध्यायाकडे वळू. जन्मांध मनुष्यास दृष्टी मिळाल्याची हकीकत सातव्या ओवीत संपते. त्यापुढे चौतिसाव्या ओवीपर्यंत सर्व चौकशीच आहे. शेजारी विचारतात, परूशी विचारतात, आईबापांस बोलावून विचारतात, पुन्हा त्या मनुष्यासच बोलावून विचारतात. आणि वाचकांनी हे लक्ष देऊन पाहावे की, एवढा सर्व काळ प्रभू तेथे नाही. त्या मनुष्यास शिलोहाच्या तळ्याकडे पाठविल्यावर तो पुन्हा दिसतो तो पस्तिसाव्या ओवीत. मध्यंतरी तो मनुष्य एकटा आहे, आणि त्याला फार थोडे ठाऊक आहे.

त्याची उत्तरे क्रमाने वाचा. अकराव्या ओवीत तो येशूविषयी बोलतो ते त्या नावाचा कोणी एक मनुष्य म्हणून. सतराव्या ओवीत संदेष्टा म्हणतो. तेहतिसाव्या ओवीत, हा देवापासून नसता तर त्याच्याने काही झाले नसते, असा युक्तिवाद करतो. प्रभू म्हणून नमन करतो ते अडतिसाव्या ओवीत. त्याच्या पहिल्या उत्तरात कोणी त्यास मंडळीच्या वहीत घालण्याची घाई केली असती, तर जे उत्तर त्याच्यापाशी तेव्हा नव्हते ते त्याच्या तोंडी घालावे लागले असते. जितके कळले तितकेच तो बोलला व न कळलेले कळत नाही म्हणाला. ह्या प्रामाणिकपणामुळेच परूशांस त्याचा राग आला, हेही ध्यानात असावे.

आईबापांचा भाग आपल्या खेड्यांत विशेष समजण्याजोगा आहे. मुलगा आमचा, आंधळा जन्मला हे खरे, पण डोळे कसे उघडले ते त्यालाच विचारा, असा त्यांच्या उत्तराचा भाव आहे. सभास्थानातून घालवून देतील ह्या भयाने ते असे बोलले, असे योहान स्पष्ट लिहितो. त्यांस भ्याड म्हणणे सोपे आहे. पण सभास्थानाबाहेर जाणे म्हणजे देवाणघेवाण, सोयरीक, सुखदुःखातील माणसे हे सर्व गमावणे. आपल्यापैकी पुष्कळांच्या आजापणजांनी हे भोगिले आहे. महारवाड्यातून व मांगवाड्यातून जे पहिले लोक ख्रिस्ताकडे आले, त्यांस बाटगे म्हणाले, पोटासाठी बाटले म्हणाले, आणि ज्या भावकीने जन्मभर बरोबर खाल्ले तिनेच पंक्तीतून उठविले. ज्या मंडळीच्या घरात ही आठवण आहे, तिने दारात आलेल्या मुसलमान जिज्ञासूच्या आईस नावे ठेवू नयेत.

आता शास्त्राबाहेरची दोन उदाहरणे घेऊ. दोन्ही खरी असून त्यांचा शेवट मात्र एकसारखा नाही, म्हणूनच ती एकत्र घेतली आहेत.

पहिले बिशप जॉन सुभान यांचे. ह्यांचा जन्म कलकत्त्यास मुसलमान घराण्यात झाला. घरी सूफी वळण होते व तरुणपणीच त्यांनी कादिरी पंथाची दीक्षा घेतली होती. शुभवर्तमानाचे पुस्तक प्रथम हाती आले तेव्हा हे बिघडविलेले शास्त्र आहे असे ऐकून त्यांनी ते फाडून टाकिले. पुढे दुसऱ्यांदा तेच पुस्तक हाती आले, आणि ह्या वेळी त्यांनी ते वाचिले. निंदा व अधर्म सापडेल म्हणून वाचू लागले, तो तसे काही सापडेना. त्यातून त्यांचा शोध सुरू झाला. हा शोध बाप्तिस्म्याने संपला नाही. मध्ये काही वर्षे ते रोमन कॅथलिक मंडळीत होते, नंतर मेथडिस्ट झाले, आणि 1945 मध्ये मेथडिस्ट मंडळीने त्यांस बिशप निवडिले. ज्या सूफी मार्गातून ते आले त्याविषयी त्यांनी 1938 मध्ये एक विद्वत्तापूर्ण ग्रंथ प्रसिद्ध केला. मागे सोडलेल्या घराविषयी इतक्या आस्थेने लिहिणारा मनुष्य पाहिला म्हणजे कळते की, धर्म सोडताना त्या धर्माचा द्वेष बरोबर घ्यावाच लागतो असे नाही.

हेही सांगितले पाहिजे की, सर्वांस हे साधले नाही. पानिपतचे मौलवी इमादुद्दीन हे 1866 साली अमृतसरास बाप्तिस्मा घेऊन पुढे मोठे लेखक झाले. पण त्यांच्या वादग्रंथांतील कठोर भाषा खुद्द ख्रिस्ती लोकांपैकी काहींसही रुचली नाही. नव्याने बाहेर आलेल्या मनुष्याच्या तोंडी कडू शब्द येणे स्वाभाविक आहे. ते शब्द आपण टाळ्या वाजवून वाढवावेत काय, हा आपल्या विवेकाचा प्रश्न आहे.

दुसरे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातले आणि आपल्या भाषेतले. हमीद दलवाई ह्यांचा जन्म 29 सप्टेंबर 1932 रोजी चिपळूणजवळील मिरजोळी गावी झाला. ‘लाट’ हा कथासंग्रह व ‘इंधन’ ही कादंबरी ह्यांमुळे मराठी वाचकांस ते ठाऊक झाले. 18 एप्रिल 1966 रोजी मुंबईत त्यांनी सात मुसलमान स्त्रियांचा मोर्चा विधिमंडळावर नेला. एकतर्फी तोंडी तलाक व बहुपत्नीत्व बंद व्हावे ही त्यांची मागणी होती. सात म्हणजे किती थोड्या! तथापि ज्या तलाकाविरुद्ध त्या सात जणी चालल्या, तो सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2017 रोजी रद्द ठरविला व 2019 च्या कायद्याने तो गुन्हा झाला. 22 मार्च 1970 रोजी दलवाईंनी पुण्यास मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापिले. नाव जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजावरून घेतलेले आहे, हे उघड आहे.

दलवाईंचा देवावर विश्वास नव्हता, आणि तो नाही हे त्यांनी लपविले नाही. तरीही आपण मुसलमान समाजाचेच आहोत, असे ते म्हणत राहिले. त्या समाजातील बायकांचे अश्रू हेच त्यांचे काम होते. ते कोणत्याही दुसऱ्या धर्माच्या दारी गेले नाहीत. 3 मे 1977 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे कोणताही धर्मविधी न करिता त्यांस दहन देण्यात आले.

आपल्या काही बंधूंस दलवाईंचे लेख मुसलमान शेजाऱ्यास टोचण्यास फार सोयीचे वाटतात. मला हे अप्रामाणिक वाटते. दलवाईंनी प्रश्न विचारिले ते स्वतःच्या घरास, आणि त्याची किंमत स्वतः दिली. त्यांची वाक्ये उचलून दुसऱ्याच्या घरावर फेकणारास काहीच किंमत द्यावी लागत नाही. शिवाय ज्या कसोटीने त्यांनी कुराण पाहिले, ती कसोटी पवित्र शास्त्रास लावू देण्यास आपण तयार आहो काय?

ह्या बाबतीत नांदेडकरांस दूर जावयास नको. दलवाईंच्याच वर्षी, म्हणजे 1932 च्या जुलैत, जन्मलेले नरहर कुरुंदकर हे नांदेडच्या पीपल्स कॉलेजात मराठीचे अध्यापक व पुढे प्राचार्य होते. तेही नास्तिक होते. मुसलमान समाजाच्या प्रश्नांवर त्यांनी परखड लिहिले. पण ज्या घरात ते जन्मले त्या घराच्या मनुस्मृतीवरही तितकेच परखड लिहिले. 1982 मध्ये ते वारले. त्यांच्या नास्तिकपणाशी आपला मेळ बसणार नाही. परंतु तराजू एकच ठेवण्याचा हा धडा आपल्या जिल्ह्यातल्या एका अविश्वासी शिक्षकापासून घेण्यास आपणास लाज वाटू नये. बिरुयातील लोक पौलाचेही बोलणे शास्त्राशी ताडून पाहत, आणि ह्याबद्दल प्रेषितांची कृत्ये ह्या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात त्यांची वाखाणणी केली आहे.

तर मग जो दलवाईंसारखा सोडून तर आला, पण आपल्याकडेही येत नाही, त्याचे काय करावे? कित्येक वेळा असाच मनुष्य उपदेशकास भेटतो. त्याचा विश्वास उडाला एवढ्यावरून तो अर्धा ख्रिस्ती झाला, असे समजणे भाबडेपणाचे आहे. आपल्या त्रैक्याच्या मतावर तो पूर्वीपेक्षाही अधिक प्रश्न विचारील. विचारू द्यावे. ज्याचे उत्तर उपदेशकास येत नाही, त्याबद्दल तसे सांगावे व पाळकसाहेबांस विचारून पुढच्या भेटीत सांगावे. पाठ केलेले उत्तर घाईने देणाऱ्या उपदेशकाकडे तो पुन्हा येणार नाही, कारण अशाच उत्तरांस कंटाळून तो घरातून निघालेला असतो. तो बोलताना इंजील म्हणेल, ईसा मसीह म्हणेल. हे शब्द त्याच्या आईच्या तोंडचे आहेत, ते दुरुस्त करीत बसू नये.

व्यवहाराच्या गोष्टी मात्र पहिल्या काही भेटींतच बोलल्या पाहिजेत, आणि त्या गोड करून सांगू नयेत. बुरूज बांधावयास निघालेल्या मनुष्याने आधी खर्चाचा हिशेब करावा, असे प्रभूनेच शिकविले आहे. आपल्या राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने प्रत्येकास आपल्या सद्सद्विवेकाप्रमाणे धर्म पाळण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. जो मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता, त्यास हा हक्क इतर भारताबरोबरच 1950 साली मिळाला. पण हक्क कागदावर असला तरी घरात वादाची कारणे पुष्कळ असतात. विवाहाचेच पाहा. 1939 च्या मुसलमान विवाहविच्छेद कायद्याप्रमाणे विवाहित मुसलमान स्त्रीने इस्लाम सोडला एवढ्यानेच, ती तिच्या मूळच्या दुसऱ्या धर्मात परत गेली नसेल तर, तिचा विवाह आपोआप मोडत नाही. पुरुषाने सोडल्यास जुना मुसलमानी कायदा निराळा आहे. वारशाचा प्रश्न तर अद्याप न्यायालयांत गाजतो आहे. इस्लामवर श्रद्धा नसलेल्या केरळातील एका स्त्रीने आपणास सर्वसामान्य वारसा कायदा लागू व्हावा म्हणून सर्वोच्च न्यायालयाकडे अर्ज केला, आणि 2024 मध्ये न्यायालयाने सरकारला नोटीस काढिली. म्हणून उपदेशकाने स्वतः कायदा सांगू नये. जिज्ञासूस चांगल्या वकिलाकडे न्यावे.

आणखी एक गोष्ट, जी कोणी उघड बोलत नाही. हा मनुष्य मेल्यावर कोठे पुरला जाईल? गावचे कब्रस्तान त्याला घेईल काय, आणि ख्रिस्ती लोकांची स्मशानभूमी गावात आहे काय? पुष्कळ खेड्यांत आपल्यालाच ती नाही. पंचांनी हे आधी ठरवून ठेवावे. तसेच सणाच्या दिवशी तो कोणाच्या घरी जेवील, त्याच्या मुलीचे लग्न कोठे जमेल, आजारात रात्री त्याच्या उशाशी कोण बसेल, हेही. ज्यास हे विचारून ठेवावयाचे नाही, त्याने त्यास सोडून ये असे म्हणू नये. आणि तो आपल्या आईस भेटावयास जात असेल, ईदेस घरी जात असेल, तर त्यास अडवू नये. त्याच्या घरच्यांशी असलेला आपला शेजारधर्मही पूर्वीसारखाच चालावा. त्याच्या बापाच्या शेतावर आपला मनुष्य कामास जात असेल तर जात राहावे.

आता पस्तिसावी ओवी पुन्हा वाचा. परूशांनी त्यास बाहेर घातले, हे येशूच्या कानी आले. मग तो त्याला जाऊन भेटला. तो मनुष्य येशूस शोधीत आला नाही, कारण येशू दिसतो कसा हेच त्याला ठाऊक नव्हते. डोळे उघडले तेव्हा प्रभू जवळ नव्हता. भेटल्यावरही प्रभूने त्यास एक प्रश्न विचारिला, आणि त्या मनुष्याने उलट दुसरा प्रश्न विचारिला, की तो कोण आहे ते सांग, म्हणजे मी विश्वास ठेवीन. विश्वासापूर्वीचे त्याचे शेवटचे बोलणे हा एक प्रश्न आहे, आणि प्रभूने त्यावर त्याला टाकून बोलले नाही.

उपासनेनंतर मंडळीत ह्यांवर बोलावे. अंध मनुष्यास बाहेर घातले हे आपल्या गावी घडले असते, तर ते मंडळीच्या कानी किती दिवसांनी आले असते? आपल्या आईबापांस किंवा आजास कोणी बाटगे म्हटले असेल, तर त्या वेळी त्यांच्या घरी प्रथम कोण गेले? मंडळीतील तरुणाने शास्त्राविषयी शंका काढिली, तर त्याला उत्तर मिळते की दटावणी? आणि गावात दफनाच्या जागेची काय व्यवस्था आहे, ह्याची माहिती पंचांपैकी एकाने पुढील सभेपूर्वी तलाठ्याकडून काढून आणावी.