मोट गेली, विहीर राहिली



गेल्या पावसाळ्यांत पिशोर येथें एका घरीं प्रार्थनेस गेलों असतां घरच्या वडिलांनीं आम्हांस एक प्रश्न केला. त्यांचा मुलगा वाळूज येथील एका कारखान्यांत सहा वर्षें कामास होता. तो कारखान्याचा नोकर नव्हता, कंत्राटदाराचा होता. एके शनिवारीं त्याला सांगण्यांत आलें कीं सोमवारपासून येऊं नये. मुलगा घरीं आला व दोन महिने ओसरीवर बसून राहिला. वडील म्हणाले, "पाळकसाहेब, ह्यानें आतां परत तिकडेच जावें, कीं शेतांत आलें लावावें, कीं दुकान घालावें? आम्हांला तर कांहींच सुचत नाहीं." खरें सांगावयाचें तर त्या वेळीं आम्हांसहि सुचलें नाहीं. पुढें पुष्कळ दिवस विचार केला, आणि हा प्रश्न एकट्या त्या घरचा नाहीं म्हणून येथें मांडीत आहों.

प्रथम आपल्याच गांवच्या विहिरीकडे पाहूं. वृद्ध मंडळींस मोट आठवत असेल. कातड्याची ती मोठी पिशवी विहिरींत सोडावयाची, बैलांनीं धावेवरून उतरत जावयाचें, आणि वर आलेलें पाणी थारोळ्यांत पडून पाटानें शेतांत जावयाचें. ही एक मोट चालण्यास किती घरचे हात लागत! कातडें कमावणारा व मोट शिवणारा निराळा. जाड नाडा व बारीक सोल वळणारा निराळा. चाक करणारा सुतार निराळा. त्याचा आंस व मोटेचें कडें घडविणारा लोहार निराळा. प्रत्येकास सुगीच्या दिवसांत खळ्यावर त्याचें बलुतें मिळे. मग तेलाचें इंजिन आलें, आणि १९६० नंतर खेडोपाडीं वीज पोहोंचूं लागली तसतसा विजेचा पंप आला. एका यंत्रानें चार घरांचें काम काढून घेतलें. कोणी त्यांना नोटीस दिली नाहीं. मोट शिवावयास या, असा निरोप एके वर्षीं आला नाहीं, एवढेंच झालें.

ह्यांत दोष कोणाचा? आम्हांस तरी कोणाचा दिसत नाहीं. शेतकऱ्याचे बैल वांचले. मोट शिवणारा आळशी नव्हता, त्याचा टांका उत्तम होता. उत्तम काम करणाऱ्याचेंहि काम जातें, ही गोष्ट आपल्या लोकांनीं नीट समजून घेतली पाहिजे. कारण काम गेलेला मनुष्य प्रथम स्वतःसच दोष देतो, आणि शेजारी त्याला त्यांत साथ देतात.

मोट गेली, पण विहीर कोठें गेली? शेताला पाणी पाहिजेच होतें, घराला दारें पाहिजेच होतीं. ज्यानें "मी मोटेचें चाक करणारा" एवढेंच मनांत धरलें, त्याचा धंदा चाकाबरोबर मोडीत निघाला. आमच्या पाहण्यांत एक वृद्ध सुतार होते. त्यांनीं आधीं मोटेचें चाक केलें, मग बैलगाडीचें चाक. गाडीला रबरी टायर आल्यावर तिची नुसती साटी केली. आणि शेवटीं शाळेचे बांक केले. वाकस, पटाशी, रंधा, सर्व हत्यारें तींच होतीं. ज्यांची विद्या एकाच वस्तूंत अडकलेली होती त्यांना फार अधिक सोसावें लागलें. मराठवाड्यांतील अशीं पुष्कळ घरें ऊंसतोडीस गेलीं, तीं अजून दर दिवाळीनंतर जातात.

बलुत्याची ही व्यवस्था त्रिंबक नारायण आत्रे ह्यांनीं "गांव-गाडा" ह्या १९१५ सालच्या पुस्तकांत बारकाईनें वर्णिली आहे. तींत एक गोडी होती हें कबूल केलें पाहिजे. गिऱ्हाईक शोधावें लागत नसे, भाव ठरवावा लागत नसे. परंतु तिचें मोल असें कीं जन्मानें मिळालेलें काम सोडतां येत नसे आणि दुसऱ्याचें शिकतां येत नसे. आपल्यांतील पुष्कळांच्या वाडवडिलांच्या वाट्यास मेलेलीं जनावरें ओढणें व वेठीस जाणें हेंच आलें होतें. तें त्यांनीं सोडलें, फार चांगलें केलें. त्यांचीं मुलें शाळांत शिकून शिक्षक झालीं, परिचारिका झालीं, उपदेशक झालीं. जातीनें लावून दिलेला धंदा ज्यांच्या आजोबांनीं एका पिढींत पालटला, त्यांच्या नातवांनीं आपल्याला धंदा पालटतां येत नाहीं असें म्हणूं नये.

आतां एक गोष्ट लिहितों, ती थोडी कडू लागेल. आपण बलुतें सोडलें, बलुत्याची संवय सोडली नाहीं. महिन्याचा पगार एकाच हातून घ्यावयाचा, आणि तो हात कधीं आंखडेल हें मनांतहि आणावयाचें नाहीं, ही ती जुनीच संवय. १९२९ सालीं जगांत मोठी मंदी सुरू झाली, परदेशच्या वर्गण्या आटल्या, तेव्हां गांवोगांवच्या शाळामास्तरांना व उपदेशकांना ह्याचा अनुभव आला. रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांनीं त्याच्याहि आधीं, १९१७ सालीं, मिशनची नोकरी आपण होऊन सोडली होती. सर्वांना तसें करतां येईल असें आम्ही म्हणत नाहीं. आम्हांसहि तें झालेलें नाहीं. पण पगार चालूं असतांना दुसरें कांहीं शिकून ठेवणें ह्याला धैर्य लागत नाहीं, केवळ संध्याकाळचा एक तास लागतो.

प्रेषितांच्या कृत्यांच्या अठराव्या अध्यायांत अक्विला व प्रिस्किल्ला ह्या दांपत्याची गोष्ट आहे. क्लौद्य कैसरानें यहूद्यांस रोम शहराबाहेर घालविलें, तेव्हां हीं दोघें करिंथास आलीं. घर गेलें, गिऱ्हाईक गेलें; पण राहुट्या करण्याची विद्या बोटांत होती, ती कोणा शिपायास जप्त करतां आली नाहीं. पौल त्यांच्याकडे उतरला तो त्याचा तोच धंदा होता म्हणून.

आपल्या महाराष्ट्रांतलें उदाहरण पाहिजे असेल तर ज्या पंपांनीं मोट घालविली, त्यांच्यावर जें नांव पुष्कळ ठिकाणीं वाचावयास मिळतें, त्या किर्लोस्करांचें घ्यावें. लक्ष्मणराव किर्लोस्कर १८६९ सालीं बेळगांवाकडे जन्मले. त्यांना चित्रकार व्हावयाचें होतें. मुंबईस सर जे. जे. कलाशाळेंत गेल्यावर कळलें कीं त्यांना कांहीं रंगांतला भेदच दिसत नाहीं. त्यांनीं रंग सोडले, रेषा सोडली नाहीं. यंत्रांचीं चित्रें काढावयास शिकले, आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक झाले. तेथें त्यांची बढती दुसऱ्यास मिळाली, तेव्हां त्यांनीं नोकरी सोडली. पण येथें वाचकांनीं क्षणभर थांबावें. नोकरींत असतांनाच ते मुंबईहून सायकली बेळगांवास धाडीत, आणि त्यांचे बंधु त्या विकून लोकांना चालवावयास शिकवीत. म्हणजे रागाच्या भरांत उडी मारली असें नव्हे. पलीकडचा तळ आधीं चांचपून पाहिलेला होता.

पुढें त्यांनीं कडबा कापण्याचें यंत्र केलें, मग लोखंडी नांगर केला. लोखंडानें जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर विकावयास दोन वर्षें लागलीं असें सांगतात. नांगर खपूं लागले तों शहराच्या वाढीमुळें कारखान्याची जागाच सोडावी लागली. औंधच्या संस्थानिकांनीं कुंडल रोड स्टेशनापाशीं जागा दिली, आणि १९१० सालीं त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

त्यांना बंधु होते, औंधकर होते. ह्या पिशोरच्या मुलाला कोण आहे, असें कोणी विचारील. तें विचारणें रास्त आहे. शिवाय अनुसूचित जातींच्या सवलती १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानें ख्रिस्ती झालेल्यांस लागूं नाहींत, म्हणून सरकारी नोकरीचें दार त्याला इतरांहून अरुंद आहे, हेंहि खरें. त्याच्या पदरीं दीड एकर जमीन, दोन शेळ्या आणि सहा वर्षें यंत्रावर वळलेला हात आहे. ह्या तिसऱ्या गोष्टीची किंमत त्या घरांत कोणी केलेली नव्हती. त्याला वेल्डिंग येतें हें आम्हांस तिसऱ्या भेटींत कळलें, तेंहि त्याच्या आईकडून!

आल्याविषयीं आमचें मत असें. ह्या बाजूस आल्यानें कित्येकांचीं घरें बांधलीं, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. परंतु बेणें एकरीं ८ ते १० क्विंटल लागतें, पीक आठ-नऊ महिने जमिनींत राहतें, पाणी सांचलें तर कंद कुजतो, आणि कुजल्यावर पुढच्या वर्षीं त्याच शेतांत लावतां येत नाहीं. भाव तर एके वर्षीं आकाशाला व दुसऱ्या वर्षीं मातींत. तेव्हां दहा गुंठे लावावें, आणि तेंहि कर्ज काढून लावूं नये. दुकानाविषयीं एवढेंच विचारलें कीं त्या आळींत किराण्याचीं दुकानें किती? पांच होतीं. गांवांत ट्रॅक्टरचा नांगर किंवा फवाऱ्याची नळी जोडून देणारे किती? एकच, व तोहि बाजाराच्या दिवशींच सांपडतो.

वाळूजलाहि परत जाण्यांत कमीपणा नाहीं. तेथें १९८५ सालीं बजाजचा कारखाना सुरू झाला, त्यापूर्वीं त्या भागांत शेतेंच होतीं. तेथील काम अजून पुष्कळ वेळां पालटेल. पण जातांना तीन गोष्टी हातांत असाव्या: मागच्या कामाचा लेखी दाखला, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचें प्रमाणपत्र मिळविण्याचा निश्चय, आणि भविष्य निर्वाह निधीच्या खात्याचा क्रमांक. हा निधि १९५२ च्या कायद्यानें सुरू झाला. २०१४ पासून कामगारास बारा अंकांचा एकच कायमचा क्रमांक मिळतो, कंत्राटदार कितीहि पालटले तरी तो पालटत नाहीं. आपल्या मंडळ्यांतील किती तरुणांना तो पाठ आहे? उपदेशकांनीं येत्या रविवारीं उपासनेनंतर विचारून पाहावें, आणि ज्यांना ठाऊक नाहीं त्यांच्याजवळ बसून तो मोबाईलवर शोधून द्यावा.

त्या मुलाबरोबर आम्ही असेंच बसलों. सहा वर्षांत त्याचे तीन कंत्राटदार झाले होते. पहिल्या दोघांच्या वेळचे पैसे खात्यांत जमा होते. तिसऱ्याच्या वेळचे, पगारांतून दरमहा कापले गेले असूनहि, नव्हते. पगाराच्या चिठ्ठ्या त्यानें एका पिशवींत जपून ठेवल्या होत्या. त्या घेऊन तो मंगळवारीं छत्रपति संभाजीनगरच्या कचेरींत जाणार आहे, आणि त्याचे वडील बरोबर जात आहेत.