साखर बंद केली, गोड वाढलं

मी चोरून काही खात नव्हतो, हे पहिल्यांदा लिहून टाकतो. नर्मदेच्या ग्वारीघाटावर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींपैकी दोघे-तिघे अजून मला पाहून गालात हसतात. एकाने तर परवा सगळ्यांसमोर विचारलं, "काय हो, आज खिशात पेढा की जिलबी?" ही कुजबुज ज्यांनी सुरू केली त्या वजन उतरवून देणाऱ्या केंद्राचं नाव मी लिहिणार नाही. नाव लिहिलं तर त्यांचीच फुकट जाहिरात व्हायची.

माझी सगळी नोकरी जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत इन्स्पेक्शनला गेली. भाग आला की गेज लावायचं, मापात बसला तर शिक्का, नाही तर परत. खातं कोणाचं आहे, फोरमन कोणाच्या ओळखीचा आहे, हे बघायचं नाही. निवृत्त झालो तरी वहीत नोंद करायची सवय सुटली नाही. रोज काय खाल्लं, कधी खाल्लं, हे मी लिहीत होतो. त्यामुळे 'खोटं बोलतोय' हा आरोप दुसऱ्या कोणावर झाला असता तर कदाचित त्याला एवढा लागला नसता. मला लागला.

घाटाच्या वरच्या रस्त्यावर सकाळी एक वजनकाटा आणि मोठा फलक घेऊन या केंद्राची मंडळी बसतात. तपासणी फुकट. हातात पट्टी धरायला देतात आणि सांगतात, तुमचं वय अमुक पण शरीराचं वय तमुक. माझं शरीर माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी म्हातारं निघालं. कोच म्हणवणारा मुलगा तिशीचाही नसेल, पण आवाजात ठाम. "अंकल जी, चीनी ज़हर है. आज से बिलकुल बंद." मी पैसे भरले, त्याच दिवशी चहातली साखर थांबवली. हिला आश्चर्य वाटलं, कारण लग्नापासून माझ्या चहात दोन चमचे ठरलेले होते.

त्यांनी छापील तक्ता दिला. उठल्यावर कोमट पाण्यात लिंबू आणि एक मोठा चमचा मध. फिरून आल्यावर त्यांच्याच डब्यातली 'एनर्जी'ची पूड दुधात. अकराला चार खजूर. चहा दोनदाच, पण गुळाचा. करेलीचा गूळ मिळाला तर फारच उत्तम. (नरसिंहपूर जिल्हा आमच्या शेजारचाच, गूळ तिथला नावाजलेला, त्या गुळाचा यात काही दोष नाही.) चार वाजता उसाच्या रसाचा मोठा पेला, 'नॅचरल ग्लुकोज' म्हणून. जेवणात दोन पोळ्या आणि भाजी, भात नाही. मी भात सोडला. मराठी माणसाने वरणभात सोडणं म्हणजे काय, ते या तक्ता छापणाऱ्यांना कळायचं नाही.

वजन उतरलं नाही. उलट काटा थोडा वर सरकला. पण त्याहून वाईट म्हणजे अकराच्या सुमाराला मी गळून जायला लागलो. वर्तमानपत्र हातात असायचं आणि त्याच ओळीवर तीनदा यायचो. बोटं थरथरायची, भूक अशी लागायची की समोरच्यावर ओरडावंसं वाटे, आणि समोर बहुतेक वेळा हीच असायची. खजूर खाल्ले की अर्धा तास बरं. मग जेवणापर्यंत पुन्हा तेच. पूर्वी घाटाच्या पायऱ्या मी न थांबता चढून वर येत असे, आता मध्ये कठड्याला टेकायला लागलो.

कोचला सांगितलं. तो म्हणाला, "डिटॉक्स हो रहा है, अच्छा साइन है." आणि पुडीचे दोन चमचे होते ते तीन केले. डबा अर्थातच लवकर संपला आणि दुसरा घ्यावा लागला.

मग तो रविवार. त्यांची बैठक असते, सगळ्यांची वजनं मोठ्याने वाचतात, कमी झालं की टाळ्या. माझं वाचलं आणि टाळ्या नाहीत. त्या मुलाने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि भरल्या सभेत म्हणाला, "अंकल जी, सच-सच बताइए, घर में छुपके मीठा तो नहीं चल रहा?" मी वही पुढे केली. त्याने ती उघडलीसुद्धा नाही. म्हणाला, "शाम को आरती में जाते हैं ना, परसाद तो लेते ही होंगे." लोक हसले. नर्मदामैयाच्या प्रसादावर खापर फोडून तो पुढच्या माणसाकडे वळला. माझ्या वयाच्या माणसाची वही न उघडता त्याला खोटारडा ठरवायला किती वेळ लागला असेल? अर्धं मिनिट.

घरी आलो तो जेवायला न बसता स्वयंपाकघरात गेलो. हिच्याकडे केकसाठी आणलेला छोटा इलेक्ट्रिक काटा आहे. खिशात आदल्या संध्याकाळचे आरतीचे इलायचीदाणे कागदात होते, ते आधी काट्यावर टाकले. ही म्हणाली, "अहो, प्रसाद वजन करतात का?" मी म्हटलं, मैया समजून घेईल, आरोप तिच्यावरही झालाय. तीन ग्रॅम भरले. साखरेचा एक लहान चमचासुद्धा नाही.

मग बाकीचं काढलं. मधाचा मोठा चमचा वीस ग्रॅम भरला. मधात शेकडा ऐंशीच्या आसपास साखरच असते, म्हणजे सोळा ग्रॅम. गुळाचा खडा दहा ग्रॅम, दोन वेळचे वीस, त्यातली साखर धरा सतरा. चार खजूर, बिया काढून, त्यांची वीस. उसाच्या रसाला काट्याची गरज नव्हती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२४च्या आहारविषयक मार्गदर्शनात स्पष्ट दिलंय की शंभर मिलिलीटर रसात १३ ते १५ ग्रॅम साखर असते. माझा पेला अडीचशेचा. म्हणजे पस्तीस.

राहिली ती पूड. डब्यावर समोर धावणारा माणूस, सूर्य, डोंगर. मागे चिकटलेल्या कागदावर मुंगीच्या अक्षरात तक्ता. चष्मा पुरेना, तेव्हा पोथी वाचायचं भिंग काढलं. शंभर ग्रॅममध्ये एकूण साखर ३४ ग्रॅम, त्याखाली 'अॅडेड शुगर्स' वेगळी ओळ. घटकांच्या यादीत पहिल्याच चारांत माल्टोडेक्स्ट्रिन आणि साखर. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावी लागते, म्हणजे जे पहिलं ते सगळ्यात जास्त. त्यांच्या चमच्यात पंधरा ग्रॅम पूड बसते. तीन चमचे झाले पंचेचाळीस. साखर पंधरा ग्रॅम. आणि माल्टोडेक्स्ट्रिन साखरेच्या रकान्यात मोजलं जात नाही, पण पोटात गेल्यावर त्याचं ग्लुकोज साखरेइतक्याच झपाट्याने होतं, हे निराळंच.

बेरीज केली. शंभराच्या वर गेली, एकशे तीन. आधी, जेव्हा मी म्हणे 'ज़हर' खात होतो, तेव्हा तीन कप चहात दोन-दोन चमचे, म्हणजे दिवसाला तीस ग्रॅम. चमचा पाच ग्रॅमचा धरलाय. मी हिला बोलावून बेरीज पुन्हा करायला लावली. तिचीही तेवढीच आली. मग खुर्चीत बसून राहिलो. राग यायला थोडा वेळ लागला, पण आला तो अजून गेलेला नाही.

एक ग्रॅम साखरेचे चार उष्मांक. तिसाच्या जागी एकशे तीन म्हणजे रोजचे जवळपास तीनशे उष्मांक वरून पोटात. माझ्या वजनाचा माणूस तासभर चालला तर दोनशे-अडीचशे जळतात. तेव्हा फिरणं सगळं वाया आणि वर शिल्लक. भात सोडून काय झालं असेल ते तुम्हीच बघा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५मध्ये सांगितलं की बाहेरून घातलेली साखर, तसंच मध आणि फळांचे रस यांतली साखर, हे सगळं मिळून दिवसाच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत असावं, शक्यतो पाचाच्या. दोन हजार उष्मांक खाणाऱ्याला दहा टक्के म्हणजे पन्नास ग्रॅम. मध त्यात येतो हे नीट वाचा, कारण मध विकणारे ते वाचत नाहीत. अख्ख्या खजुराची साखर त्या हिशोबात धरत नाहीत, पण उष्मांक तर आहेतच. माझे खजूर वजा केले तरी ८३ उरतात. गुळात लोह असतं म्हणतात. दहा ग्रॅम गुळात ते फार तर अर्धा-एक मिलिग्रॅम. गूळ खायचाच असेल तर आवडतो म्हणून खा, औषध म्हणून नको.

साखरेशी माझं वैर नाही, हेही सांगतो. न्यूझीलंडच्या संशोधकांनी २०१३मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये बऱ्याच प्रयोगांचा एकत्र हिशोब मांडला होता. हवं ते खा पण साखर कमी करा, असं सांगितलेल्यांचं वजन सरासरी ०.८ किलो उतरलं. पण साखर काढून तेवढ्याच उष्मांकांचे दुसरे पिष्टमय पदार्थ दिले, तिथे फरक पडला नाही. म्हणजे साखर सोडण्यात जादू नाही. तिच्या जागी काय येतं, त्यावर सगळं आहे. माझ्याकडे तिच्या जागी मध, गूळ आणि रस आला.

आता थकव्याचं. रिकाम्या पोटी मधपाणी, त्यावर गोड दूध. चावायला काही नाही, तंतू नाहीत. रक्तातली साखर पटकन चढते, इन्सुलिन धावतं, आणि दोन-तीन तासांनी काही जणांची साखर सुरुवातीच्या पातळीच्याही खाली घसरते. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या लोकांनी २०२१मध्ये हजारावर माणसांना सतत साखर मोजणारं यंत्र लावून दाखवलं की ज्यांची घसरण मोठी, त्यांना भूक लवकर लागते आणि ते दिवसभरात जास्त खातात. माझे अकरा वाजताचे खजूर इथे बसतात. गोडाने तरतरी येते हेही फारसं टिकत नाही. २०१९मध्ये ३१ अभ्यासांचा आढावा निघाला, त्यात तासाभराच्या आत सतर्कता कमी झालेलीच आढळली. आमचा कोच याला डिटॉक्स म्हणत होता.

तरीही सगळा थकवा साखरेवर ढकलू नका. मी डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ आणि एचबीए१सी सगळं करायला सांगितलं. शेवटचं ५.९ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. अशा माणसाला उसाचा रस औषध म्हणून पाजत होते! आणि ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी माझं ऐकून एकदम खाणंपिणं बदलू नये. त्यांना थरथर, घाम सुटला तर ताबडतोब साखरच घ्यावी लागते. तिथे शहाणपण चालत नाही.

आता मी काय करतो ते सांगतो. सकाळी साधं पाणी. फिरून आलो की मोड आलेले मूग किंवा दोन अंडी. घाटावरचे पोहे खाल्ले तर बरोबरची जिलबी नाही, आणि पोह्यांत शेंगदाणे जास्त घालायला सांगतो. चहात साखरच, पण अर्धा चमचा. गुळापेक्षा साखर मोजायला सोपी, खडा कधी केवढा फुटेल सांगता येत नाही. रस प्यायची इच्छा झाली तर मोसंबी सोलून खातो. भात परत सुरू केला, वाटीने मोजून, आणि आधी भाजी-वरण खाऊन मग. अकराची थरथर पहिल्या आठवड्यातच थांबली. वजन सावकाश उतरतंय, त्याची घाई नाही. नागपूरची मेहुणी डॉ. दीक्षितांच्या आहारपद्धतीप्रमाणे दिवसातून दोनदाच जेवते आणि मलाही सांगते. दोन जेवणं मला जमली नाहीत, पण मधल्या वेळेत तोंडात गोड टाकायचं नाही, एवढं मात्र मी तिच्याकडून घेतलं.

साखरेऐवजी गोड गोळ्या घ्याव्यात का, हे बरेच जण विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३मध्ये वजन कमी करण्यासाठी त्या वापरू नका असं सांगितलंय. मी घेत नाही. पाणी भरपूर प्या, झोप पुरी घ्या, हे सगळे सांगतात, मीही सांगतो.

प्रसाद सोडू नका. चिमूटभर इलायचीदाण्यांनी कोणी जाडं होत नाही, हे मी मोजून सांगतोय. नर्मदा जयंतीच्या भंडाऱ्यात शिरा वाढला तर खा, दुसऱ्यांदा द्रोण पुढे करू नका. पलीकडे नावेने गुरुद्वाऱ्यात गेलात तर कडाह प्रसाद हातावर घेऊन खा, नाही म्हणू नका.

डबा घेताना समोरचं चित्र बघू नका, मागचा कागद वाचा. एकूण साखर आणि वरून घातलेली साखर, दोन्ही आकडे छापणं २०२०च्या नियमांनी बंधनकारक आहे. 'प्रति सर्व्हिंग'चा रकाना सोडा, शंभर ग्रॅमचा बघा, कारण सर्व्हिंग ते ठरवतात. डेक्स्ट्रोज, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप ही सगळी त्याच घराण्यातली नावं. आणि 'हेल्थ ड्रिंक' या शब्दावर जाऊ नका. २०२४च्या एप्रिलमध्ये वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलं की अशी पेयं त्या सदरात दाखवू नका, कारण अन्नसुरक्षेच्या कायद्यात त्याची व्याख्याच नाही.

पैसे परत मागायला मी बेरजेचा कागद घेऊन गेलो होतो. कोच म्हणाला, "अंकल जी, आपको सूट नहीं किया, सबको करता है." दोन्ही वेळा पावती मागितली होती, दोन्ही वेळा 'व्हॉट्सअॅपवर पाठवतो' म्हणून सांगितलं आणि पाठवली नाही. तुम्ही कुठेही पैसे भरलेत तर जीएसटी क्रमांक असलेली पावती हातात आल्याशिवाय जागेवरून उठू नका. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. मी तक्रार नोंदवली आहे, डब्यांवरच्या कागदाचे फोटो आणि माझ्या वहीची पानं जोडून.