जुन्या मोटारीच्या इंजिनाचे बोल्ट : पारख व खरेदी

ज्या बागाईतदारांच्या घरी वडिलांच्या वेळची जीप, अँबॅसडर अथवा फियाट अद्याप उभी आहे, त्यांपैकी कित्येकजण हल्ली तिचे इंजिन उघडून नव्याने बांधून घेऊ लागले आहेत. ही गोष्ट स्तुत्य आहे. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले, कुर्ल्यास होणारी पद्मिनी त्यापूर्वीच बंद पडली. यास्तव जे जुने ब्लॉक आज शिल्लक आहेत, त्यांची जागा घेण्यास नवे येणार नाहीत. पिस्टन, रिंगा व बेअरिंगे यांची चौकशी मालक जातीने करितो. परंतु नटबोल्टांचा प्रश्न निघाला की तो मिस्त्रीवर सोपवून मोकळा होतो, आणि मिस्त्री खोक्यात हात घालून जो बसेल तो बसवितो. बोल्ट बसला म्हणजे तो योग्यच, ही समजूत अत्यंत घातक असल्याने या विषयाचा विचार येथे थोड्या विस्ताराने करण्याचे आम्ही योजिले आहे.

इंजिनातील सर्वच बोल्ट सारख्या महत्त्वाचे नसतात. तेलाच्या तळपात्राचा बोल्ट तुटला तर फार तर तेल गळेल. कनेक्टिंग रॉडच्या बोल्टाची गोष्ट वेगळी. पिस्टन वरच्या टोकास पोहोचून क्षणभर थबकतो व उलट फिरतो. धूर बाहेर टाकण्याच्या धावेच्या शेवटी त्यास वरून दाबणारा वायू नसतो. म्हणून वर निघालेल्या पिस्टनास मागे ओढण्याचा सर्व भार त्या रॉडच्या दोन बोल्टांवर पडतो. इंजिन मिनिटास ४,००० फेरे करीत असेल, तर असे हिसके मिनिटास २,००० व तासास १,२०,००० बसतात. यांपैकी एक बोल्ट तुटला तर रॉड मोकळा होऊन ब्लॉकची भिंत फोडून बाहेर येतो, आणि मग बांधण्यासारखे काही उरत नाही. क्रँकच्या मुख्य बेअरिंगांचे व फ्लायव्हीलचे बोल्ट यांच्या खालोखाल समजावे. त्यानंतर हेडचे स्टड.

एवढे हिसके चांगला बोल्ट सोसतो तो कशाच्या बळावर? गाडीच्या चाकावर लोहार धाव तापवून चढवितो व ती निवताना आवळली जाते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. धाव घट्ट आहे तोवर आरे हलत नाहीत. ती सैल झाली की प्रत्येक खड्ड्यात चाक खिळखिळे होत जाते. बोल्टाचेही तसेच आहे. पान्याने आवळताना तो किंचित ताणला जातो, आणि तो ताण बाहेरच्या हिसक्याहून अधिक असला म्हणजे हिसक्याचा फारच थोडा अंश बोल्टास जाणवतो. हलक्या पोलादाचा बोल्ट असा ताण धरू शकत नाही. तो लांबतो, सैल पडतो, आणि मग प्रत्येक हिसका पुरता खाऊन थकव्याने तुटतो. तुटण्यापूर्वी तो कसलीही सूचना देत नाही.

आता आट्यांकडे वळू. खरा घोटाळा येथेच आहे. आपल्या अंगणात चार निरनिराळ्या कुळींचे आटे एकत्र नांदत असतात. पंपाचे जुने लिस्टर धर्तीचे तेल-इंजिन असेल तर त्याचे आटे बहुधा इंग्रजी व्हिटवर्थ पद्धतीचे. जोसेफ व्हिटवर्थ यांनी ही पद्धत १८४१ साली मांडली. तिच्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा व माथे गोलसर असतात. त्याच कोनाची बारीक आट्यांची इंग्रजी जात बीएसएफ या नावाने ओळखली जाते. अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी १८६४ साली ६० अंशांचा कोन सुचविला. विलीज जीपचे आटे त्या परंपरेतील. दुसऱ्या महायुद्धात एका देशाचा नट दुसऱ्याच्या बोल्टास चालेना, तेव्हा १९४८ साली अमेरिका, ब्रिटन व कॅनडा यांनी मिळून ६० अंशांची 'युनिफाइड' पद्धत ठरविली. अँबॅसडरच्या १,४८९ घनसेंटिमीटरच्या जुन्या बीएमसी इंजिनात तिचीच बारीक जात, म्हणजे यूएनएफ, आढळते. फियाटचे आटे मात्र मिलिमीटरचे.

मिस्त्री ज्यास अडीच सुती बोल्ट म्हणतात, म्हणजे ५/१६ इंची, त्याचा व्यास ७.९४ मिलिमीटर भरतो. आठ मिलिमीटरच्या बोल्टाशी त्याचा फरक डोळ्यास दिसणे अशक्य. पण इंचास आटे मोजू गेले तर व्हिटवर्थास १८, बीएसएफला २२, यूएनएफला २४, आणि आठ मिलिमीटरच्या साध्या बोल्टास सुमारे २०.३ येतात. अशा परक्या बोल्टावर नट दोन-तीन फेरे सुखाने जातो व मग अडतो. येथे जाणता मनुष्य थांबतो. अडाणी पान्यास नळी लावून जोर करितो व दोहोंचे आटे मारून बसतो. याहूनही फसवी जोडी व्हिटवर्थ व अमेरिकन जाड आट्यांची. तीन सुती, म्हणजे ३/८ इंची, बोल्टास दोहोंतही इंचास १६ आटे असतात, त्यामुळे नट शेवटपर्यंत जातो. परंतु कोन निराळा असल्याने आटा आट्यास पूर्ण टेकत नाही. चार सुतीस मात्र एकाचे १२ व दुसऱ्याचे १३ आटे असल्याने लबाडी लगेच उघडी पडते.

ब्रिटिश एमजी टीसी किंवा टीडी मोटार कोणा हौशी गृहस्थाकडे असेल तर त्याने आणखी जपावे. त्या इंजिनांचे आटे मिलिमीटरचे, पण नटांची डोकी व्हिटवर्थ पान्याची! मॉरिस यांनी १९२३ साली कॉव्हेंट्रीचा हॉचकिस हा फ्रेंच कंपनीचा इंजिन-कारखाना घेतला, त्याच्या यंत्रसामग्रीचा हा वारसा. तेथे पान्यावरून आट्यांचा अंदाज बांधणारा हमखास फसतो.

म्हणून आटे मोजण्याचा पोलादी फणा, इंची एक व मिलिमीटरचा एक, आणि एक साधा व्हर्निअर कॅलिपर एवढी हत्यारे मालकाने स्वतःची ठेवावीत. इंजिन उघडताना प्रत्येक बोल्ट ज्या जागेचा, त्या जागेचे नाव लिहून पुठ्ठ्यात खोचावा. भोकात पूर्वी कोणी चुकीचा टॅप फिरविला असण्याचा संभव असल्याने केवळ निघालेल्या बोल्टावर विसंबू नये. कारखान्याच्या पुस्तकातील मापाशी तो ताडून पाहावा.

माप जुळले तरी काम अर्धेच झाले. पोलादाची प्रत पाहिली पाहिजे. मिलिमीटरच्या बोल्टाच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असे आकडे उठविलेले असतात. पहिल्या आकड्यास शंभराने गुणिले असता दर चौरस मिलिमीटरास किती न्यूटन ताणाने बोल्ट तुटेल ते निघते. दुसरा आकडा त्याच्या किती दशांश ताणास तो कायमचा लांबेल हे सांगतो. म्हणजे ८.८ चा बोल्ट ८०० ला तुटतो व सुमारे ६४० ला लांबतो. इंची बोल्टांवर आकड्यांऐवजी रेघा असतात. तीन रेघा म्हणजे पाचवी प्रत, ती साधारणतः ८.८ च्या तोडीची. सहा रेघा म्हणजे आठवी प्रत, ती १०.९ च्या जवळपास. डोके कोरे असेल तर तो बोल्ट मांडवाच्या कामास ठेवावा.

दुर्दैवाने रेघा उठविण्यास उत्तम पोलाद लागत नाही. आमच्या माहितीच्या एका बागाईतदाराने जीपसाठी सहा रेघांचे बोल्ट आणविले. डोक्यावर करणाराची खूण नव्हती, म्हणून संशय येऊन त्याने दोन बोल्ट उष्णोपचार करणाऱ्या कारखान्यात कठीणपणा तपासण्यास दिले. ते साध्या लोखंडाच्या वर गेले नाहीत. ८.८ च्या बोल्टाचा कठीणपणा रॉकवेलच्या सी मापाने २२ ते ३२ व १०.९ चा ३२ ते ३९ यावा लागतो. दोन बोल्ट अधिक घेऊन ही परीक्षा करण्यास जो खर्च येतो, तो फुटलेल्या ब्लॉकपुढे काहीच नाही. प्रतीच्या आकड्याबरोबर करणाराची खूण असलीच पाहिजे. ती नसेल तर दुकानदाराच्या शपथेस किंमत देऊ नये. उत्तम बोल्टाचे आटे कापलेले नसून दाबून वळविलेले असतात. त्यांचे तळ गुळगुळीत व चकचकीत दिसतात. कापलेल्या आट्यांत हत्याराचे ओरखडे दिसतात, आणि थकव्याची चीर नेमकी तेथूनच सुरू होते.

मिलिमीटरचा माल मिळण्यास अडचण नाही. १९६६ पासून चालू असलेल्या चेन्नईच्या सुंदरम् फासनर्ससारख्या कारखान्यांचा माल अधिकृत विक्रेत्याकडून, बंद खोक्यात व पावतीसह घ्यावा. लुधियाना हे या धंद्याचे मोठे केंद्र असून तेथे उत्तम मालही होतो व केवळ फाटकाच्या बिजागरीस शोभेल असाही होतो; तेव्हा शहराचे नाव ही हमी नव्हे. यूएनएफ जातीसाठी मुंबईची नागदेवी स्ट्रीट व पुण्याची नाना पेठ धुंडाळावी. बीएसएफची मापे येथे न मिळाल्यास इंग्लंडात जुन्या मोटारींचेच सामान विकणारे व्यापारी आहेत, त्यांजकडून मागवावीत. भंगारातून काढलेले रॉडचे बोल्ट मात्र कितीही स्वच्छ दिसले तरी घेऊ नयेत. त्यांनी किती हिसके खाल्ले आहेत हे कोणी सांगू शकत नाही.

माप कोठेच न मिळाल्यास लेथवर साध्या सळईचा बोल्ट कातून घेण्याचा मोह होतो. रॉडसाठी हे सर्वथा वर्ज्य समजावे. ईएन २४ जातीची प्रमाणपत्र असलेली सळई घेऊन, योग्य उष्णोपचार करून, आटे दाबून पाडणारा कारखाना गाठावा. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरासारख्या ठिकाणी असे काम जाणणारे कारागीर शोधल्यास सापडतात.

चकचकीत दिसतात म्हणून स्टेनलेसचे बोल्ट आत वापरू नयेत. त्यांची नेहमीची जात ८.८ हून कमी ताणास लांबते. जस्ताचा मुलामा १०.९ च्या वरच्या बोल्टास विजेने दिला असता पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होण्याची भीती असते. तेथे काळा, तेलकट बोल्टच बरा. धुराच्या मॅनिफोल्डास पितळी नट घालावेत, म्हणजे ते पुन्हा सुटतात.

बसविताना टॉर्क पाना हवाच. पान्यास दिलेल्या जोरापैकी सुमारे नऊ दशांश घर्षणात जातो; म्हणून आटे कोरडे की तेल लाविलेले, हे पुस्तकात जसे सांगितले असेल तसेच करावे. कोरड्याचा आकडा तेल लाविलेल्या बोल्टास दिला तर तो नको तितका ताणला जातो. भोकाच्या तळाशी तेल साचले असेल तर ते आधी पुसून काढावे, नाहीतर बोल्ट उतरताना ब्लॉकच तडकतो. स्प्लिट पिना व दुमडण्याच्या कुलूप-पट्ट्या प्रत्येक वेळी नव्या घालाव्यात. इंजिन प्रथम तापून पूर्ण निवाल्यावर हेडचे नट पुस्तकात सांगितल्या क्रमाने पुन्हा पाहावेत. रॉडच्या बोल्टांस त्यानंतर हात लावू नये.